किलोमीटरला पावणेतीन लिटर

आमच्या साडूंनी यॉट घ्यायची ठरवली, त्या दिवशी आमच्या नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते. मी टाकीत वाकून, काठीला खूण करून, तळाला किती उरलंय ते मोजत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"साडूसाहेब, काय करायलात?"

"पाणी मोजतोय."

"सोडा ते. मी बोट बघायलोय. सेकंड हॅण्ड आहे, पण कंडिशन एक नंबर."

साडूंचा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत प्रेसिंगचा छोटा कारखाना आहे. दुचाकीला लागणारे, कुणाच्या नजरेला कधीही न पडणारे पत्र्याचे तुकडे ते बनवतात. माणूस हिशेबी. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी फुकट घेतल्याशिवाय हलत नाही. पण मागच्या महिन्यात ते कामासाठी मुंबईला गेले आणि कुण्या व्यापाऱ्यानं त्यांना गेटवेपासून मांडव्यापर्यंत स्वतःच्या यॉटमधून फिरवून आणलं. जाताना साडू गेले, येताना दर्यावर्दी आला. तेव्हापासून ते पायऱ्यांना 'डेक' म्हणतात.

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल, समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला यॉट सुचतेच कशी. त्याला या गावाचा स्वभाव माहीत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी आणि बिल्डरांनी गट करून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सगळ्यांची मिळून किंमत साधारण ६५ कोटी. आताच्या संभाजीनगरचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि त्या नावानं ही बातमी जगभर फिरली. तेव्हा रस्ते कसे होते ते विचारू नका. मर्सिडीजला रस्ता लागतो ही अट ज्या गावानं मानली नाही, ते गाव यॉटला समुद्र लागतो ही अट का मानेल? त्या दीडशेतली एक गाडी साडूंच्या व्याह्यांनी घेतली होती. साडूंनी तेव्हा घेतली नाही. पंधरा वर्षं हे शल्य मनात होतं. मर्सिडीजवर मर्सिडीज घेऊन बरोबरी होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शिवाय इतिहासही आपल्या बाजूनं आहे, असं साडूंचं म्हणणं. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि सातवाहनांच्या काही नाण्यांवर चक्क दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचं नाव येतं : भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून अकीकाचे दगड गाड्यांत घालून बंदराकडे येतात. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तर तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. "जिल्ह्यातलं पहिलं जहाज," साडू म्हणाले. मी त्यांना आठवण करून दिली की ते जहाज वादळात सापडलेलं आहे. चंदन आणायला गेलेले व्यापारी बुडायला लागतात आणि पूर्ण नावाचा भिक्षू आकाशमार्गानं येऊन त्यांना वाचवतो, अशी ती गोष्ट. साडू क्षणभर थांबले. "म्हणजे विम्याचा खर्च धरावा लागेल," ते म्हणाले.

मी आयुष्यभर लेखापरीक्षण केलं. निवृत्त झालो तरी लाल पेन खिशातून गेलं नाही. म्हणून साडूंनी सगळे कागद माझ्याकडे आणून टाकले आणि म्हणाले, "तुम्ही फक्त एकदा नजर घाला." हे वाक्य ऐकून मी आजवर तीन प्लॉट, एक शाळा आणि एक लग्न यांवर नजर घातली आहे. तिन्ही प्लॉटांचे खटले चालू आहेत.

बोट ४२ फुटांची, २००९ सालची. दोन इंजिनं, प्रत्येकी साडेतीनशे हॉर्सपॉवर. दोन झोपायच्या खोल्या, दोन संडास, एक ओटा, फ्रीज, एसी. मागितलेली किंमत १ कोटी ८० लाख, आणि पुढे 'निगोशिएबल'. नवी घ्यायची सोय नव्हतीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर ४० टक्के जीएसटी लागला. त्याच ४० टक्क्यांच्या रांगेत खासगी विमानं आहेत, रिव्हॉल्वर आहेत आणि गॅसची शीतपेयंही आहेत. म्हणजे पाहुण्यांपुढे कोल्ड्रिंकची बाटली ठेवणारा माणूस आणि यॉटवाला यांना सरकार एकाच पंगतीला बसवतं. साडूंना यात मोठा धीर वाटला. "बघा, आपण काही वेगळे नाही," ते म्हणाले.

कागद बघून मी पहिला प्रश्न विचारला. आपल्याकडे कुठलंही वाहन बघितल्यावर जो विचारतात तोच.

"ॲव्हरेज काय देते?"

साडूंनी दलालाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ इंग्रजीत काही सांगितलं गेलं. साडूंनी ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं. बरा वेग धरून चालवली तर तासाला शंभर लिटरच्या आसपास डिझेल. तो बरा वेग वीस नॉट, म्हणजे तासाला ३७ किलोमीटर. मी भागाकार केला. पुन्हा केला. आयुष्यात मी लिटरला किती किलोमीटर हेच विचारत आलो. इथे गणित उलटं टांगलेलं होतं : किलोमीटरला पावणेतीन लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर एका किलोमीटरला सुमारे २४५ रुपये. क्रांती चौकातून सिडको बसस्टँडला जाऊन यायला या दरानं जेवढे पैसे जातील, तेवढ्यात रिक्षावाला मला तिरुपतीचं दर्शन घडवून आणेल.

"पण समुद्रात सिग्नल नसतो," साडू म्हणाले.

गेटवे ते मांडवा अंतर साधारण १९ किलोमीटर. एका फेरीचं डिझेल साडेचार हजारांच्या पुढे, परतीचं वेगळं. लाँचचं तिकीट काही शे रुपये आणि तीत बसल्यावर बिस्किटं खायला सीगल आपणहून जवळ येतात. हे मी सांगितलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं ते, मर्सिडीजवाल्यानं सिटी बसकडे पाहावं तसं.

डिझेल हा खरं तर त्यातला स्वस्त भाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कोणी केली ते माहीत नाही, पण त्या माणसाकडे नक्की बोट असणार. या धंद्यातली माणसं सरळ सांगतात की वर्षाला किमतीच्या दहा टक्के रक्कम बोटीच्या संगोपनाला बाजूला काढायची, बोट हलो वा न हलो. म्हणजे अठरा लाख. साडू म्हणाले, "उभ्या गाडीला कसला खर्च?" मग मी एकेक बाब काढत गेलो.

बोट आपली आपण चालवायची नसते. एक तांडेल लागतो आणि एक खलाशी. दोघांचे पगार बाराही महिने चालू, कारण तुम्ही संभाजीनगरात बसलेले असताना बोट गेटवेसमोर नांगरावर डुलत असते आणि तिच्याजवळ कुणीतरी माणूस असावं लागतं. मुंबईत सहज गाडी लावावी तशी बोट लावायला पार्किंग नाही. मग विमा. मग पावसाळा. होड्या पावसाळ्यात वर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालायच्या, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण ४२ फुटी बोट बैलानं किंवा खांद्यानं ओढता येत नाही. क्रेन लागते, आणि क्रेनचं मीटर रिक्षासारखं नसतं. वर्षातले तीन-चार महिने असे कोरडे गेले. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे फेब्रुवारी-मार्च गेला. एप्रिल-मेमध्ये लग्नं. दिवाळीत फराळ आणि पाहुणे. मी कॅलेंडरवर खुणा करत गेलो तेव्हा यॉटसाठी मोकळे असे अकरा रविवार उरले. त्यातल्या एकाला भारत-पाकिस्तान सामना होता.

बोट वर काढली की तिचं बूड दिसतं. समुद्राला कुणाचंही बूड स्वच्छ बघवत नाही. शेवाळ, शंख, शिंपले असे चिकटतात की भाडेकरू बरे. ते खरवडायचे आणि वर विषारी रंग द्यायचा, म्हणजे पुढचे लगेच येत नाहीत. पंख्याजवळ जस्ताचे गोळे बसवलेले असतात. खारं पाणी धातू खातं. तेव्हा महागडा पंखा आणि दांडा वाचावा म्हणून हे जस्त आधी झिजतं. झिजलं की नवं लावायचं. हे वाचून मला कुटुंबातले काही थोरले भाऊ आठवले. फक्त त्यांना कोणी बदलत नाही.

जुनी बोट घ्यायची तर सर्व्हेअरला दाखवावी लागते. तो छोटी हातोडी घेऊन बोटीच्या अंगावर टकटक करत फिरतो आणि कान देऊन ऐकतो. फायबरच्या थरांत पाणी मुरलं असेल किंवा थर सुटले असतील तर आवाज बद्द येतो. हे ऐकून आमच्या सौ.ची करमणूक झाली. "एवढंच ना? मी येते," ती म्हणाली. दर उन्हाळ्यात ती माठवाल्यापुढे बसून बोटाच्या पेरानं असे पंधरा-वीस माठ वाजवते आणि सोळाव्याला पास करते. सर्व्हेअरची फी ऐकल्यावर तिनं हा धंदा याआधी का केला नाही याची तिला हळहळ वाटली.

तांत्रिक तपशिलातली एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. बोटीच्या तळाशी थोडंफार पाणी साचतंच, आणि ते बाहेर फेकायला पंप असतो. तो ऑटोमॅटिक असतो. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप चालू होतो, रात्री-अपरात्री, कोणी न सांगता, आणि पाणी बाहेर टाकतो. मी हे साडूंना दोनदा वाचून दाखवलं. आमच्या गल्लीत प्रत्येक घरी जमिनीखाली एक हौद, गच्चीवर दोन टाक्या आणि मध्ये एक मोटर आहे. पाण्याचा दिवस असेल त्या रात्री लोक गजर लावून उठतात, मोटर लावतात आणि नळातून आधी हवा, मग फुसफुस, मग धार अशी वाट बघत बसतात. बोअर घेतले, ते आटले, टँकर लावले. या गावातल्या माणसानं पाणी बाहेर फेकण्याच्या यंत्रासाठी पैसे मोजायचे? माझं लाल पेन तिथे थांबलं ते थांबलंच.

साडूंनी त्यावर तोडगा काढला : भागीदारी. पाच जणांनी मिळून घ्यायची, प्रत्येकी ३६ लाख. उस्मानपुऱ्यात एका पानाच्या दुकानाबाहेर बैठक झाली. साडू, त्यांचे व्याही, एक हाडांचे डॉक्टर, एक वकीलसाहेब आणि एक फटाक्यांचे व्यापारी, ज्यांना बोटीपेक्षा बैठकीत जास्त रस होता. व्याही म्हणाले, गट मोठा करा, दीडशे जण गोळा झाले की कंपनी भाव पाडेल, आम्ही केलंय. दीडशे यॉट एकदम कुठे उभ्या करायच्या यावर थोडा वेळ गंभीर चर्चा झाली. डॉक्टरांनी विचारलं, पासिंग एमएच-वीसचं मिळेल का? बोटीची नोंदणी आरटीओत होत नाही आणि तिच्या मागच्या बाजूला बंदराचं नाव लिहितात, हे कळल्यावर सगळे हिरमुसले. मग साडू म्हणाले, "मागं 'पैठण' लिहू." टाळ्या पडल्या.

वकीलसाहेब मात्र गप्प होते. शेवटी ते म्हणाले, "पाळ्या कशा?" आणि एकदम सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आपापल्या गावची विहीर आली. मराठवाड्यातल्या माणसाला सामायिक मालकी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आजोबांच्या विहिरीत चौथा हिस्सा, नातवाला आठवड्यातून दीड दिवस मोटर, त्यात लाइट रात्री दोनला, आणि चुलतभावानं आपल्या पाळीत अर्धा तास जास्त उपसलं म्हणून बावीस वर्षं बोलणं बंद. वकीलसाहेबांचं अर्धं घर अशाच विहिरींवर बांधलेलं आहे. अकरा रविवार, पाच भागीदार. अकराव्या रविवारी कोण? डिझेल कोण भरून ठेवणार? व्याही म्हणाले, माझा ड्रायव्हर बघेल. तेवढ्यावर दोघा व्याह्यांचे आवाज चढले. बोट अजून मुंबईत होती, कुणी तिला हातही लावला नव्हता, आणि इथे वाटण्या सुरू झाल्या होत्या.

मग मूळ कल्पना बाहेर आली, जी साडूंनी दडवून ठेवली होती. समुद्र नकोच. बोट नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, आणायची.

कल्पना म्हणून वाईट नाही. जायकवाडीचं धरण आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, जलाशयाचा पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. भरलं की पैलतीर दिसत नाही, आणि संध्याकाळी वारा सुटला की लाटाही येतात. आधी फक्त बोट आणायचा प्रश्न. तिची रुंदी तेरा फूट. ट्रेलरवर चढवून, परवानग्या काढून, समृद्धीच्या बोगद्यातून यॉट धावते आहे आणि मागून येणारा ट्रकवाला डोळे चोळतो आहे, हे दृश्य मला मनापासून आवडलं. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल गाड्यांतून समुद्राकडे जात होता. आता समुद्राचा माल गाडीतून पैठणला. हिशेब फिटला.

पण जायकवाडी हे धरण बशीसारखं आहे, पसरट आणि उथळ. एक वर्ष पाऊस दडी मारतो आणि पाणी असं मागे सरतं की कालच्या काठावर आज ज्वारी उभी असते. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले होते. मृतसाठ्यात १ कोटी ८० लाखांची यॉट चिखलात तिरकी पडलेली आणि तांडेल बाराही महिने पगार घेत डेकवर शेळ्या राखतो आहे, असं चित्र मी साडूंपुढे उभं केलं. आणखी एक गोष्ट. आमची बोट तरंगणार की नाही हे आमच्या हातात नाही. ते नाशिक आणि नगरच्या धरणांच्या हातात. मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मग तिकडे आंदोलन, इकडे आंदोलन, दोघे मिळून हायकोर्टात. त्या गर्दीत साडू फलक घेऊन उभे राहणार : 'आमच्या यॉटला पाणी द्या.' दोन्हीकडचे शेतकरी तेवढ्यापुरते एक होतील याची मला खात्री आहे.

शिवाय १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. साडेतीनशे-साडेतीनशेच्या दोन इंजिनांनी पक्ष्यांना हॉर्न द्यायचा म्हटलं तर वन खातं येईल आणि त्यांची बोट साडूंच्या बोटीहून वेगळी असेल.

फटाक्यांचे व्यापारी एवढा वेळ पान चघळत होते. ते म्हणाले, "माझं आजोळ तिथंच आहे. पाण्याखाली." धरणात शंभरावर गावं उठली, हे सगळ्यांना माहीत असतं, पण अशा बैठकीत कोणी आठवत नाही. "आजोबा सांगायचे, वाड्यापुढं मोठा चिंचेचा पार होता. बोट नेताना जरा बघून न्या." त्यांनी हे हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. पण त्यानंतर नकाशावर बोट फिरवायचा साडूंचा वेग कमी झाला.

घरी मी बेरीज मारली. देखभालीचे अठरा लाख, अकरा रविवारांचे मिळून पन्नास तास धरले तर डिझेलचे साडेचार लाख. तासाला ४५ हजार, आणि यात किंमत घटते ती धरलेलीच नाही. भाड्याच्या यॉटसाठी साडूंनीच फोन केला होता. तिकडून तासाला पंधरा-वीस हजारांचा भाव आला होता, तांडेलासकट. मेहुणीनं कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला स्कूटरवर बसलं तरी लागतं. मांडव्याहून येताना किती ओकलात ते ताईला सांगितलं का?"

हा मुद्दा माझ्या लेखापरीक्षणातून निसटला होता.

यंदा नाथसागर भरला आणि दरवाजे उघडले तेव्हा आम्ही दोन्ही कुटुंबं बघायला गेलो. २७ दरवाज्यांच्या धरणातून पाणी पडताना बघायला निम्मं गाव लोटलं होतं. कणसं, भजी, सेल्फी. गर्दीचा कंटाळा आला म्हणून आम्ही गाडी वळवून वरच्या अंगाला, शांत काठावर गेलो. साडू बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. मी काही बोललो नाही. एक मासेमारी करणारा तिथे थर्माकोलच्या तराफ्यावरून हातानं पाणी कापत काठाला लागला. जाड थर्माकोलचे तुकडे, त्यांवर प्लास्टिकचं कापड गुंडाळून दोरीनं आवळलेलं. त्यानं जाळं उचललं, तराफा काठावर ओढून घेतला. क्रेन लागली नाही.

साडू त्याच्याजवळ गेले. आधी नुसतं बघितलं. मग उकिडवे बसले आणि बोटाच्या पेरानं थर्माकोलवर टकटक केलं. आवाज बद्द आला.

"काय बघायलात, साहेब?"

"काही नाही. केवढ्याला पडतो?"

तो हसला. "पायजे का? मला नवीन करायचाय. हा देऊन टाकायचाच हाय."

साडूंनी वळून माझ्याकडे बघितलं. माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता.

"किती वर्षं वापरलाय?" साडू त्याला विचारत होते.